देहमान, देहभार आणि दमसास : फुप्फुसाच्या मापनातील ‘अपेक्षित’ ह्या संज्ञेचा विचार

१. विषयप्रवेश

मराठीतील ‘दमसास’ हा शब्द रचनेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यातील ‘दम’ हे पूर्वपद फारसीतून आलेले असून ‘सास’ हे उत्तरपद संस्कृत ‘श्वास’ ह्या शब्दाचे तद्भव रूप आहे. दोहोंचाही मूळ अर्थ श्वास हाच होय. ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’ ह्यांप्रमाणे जवळच्या अर्थाच्या दोन पदांची जोडी जुळवून तयार झालेल्या ह्या शब्दाने मात्र केवळ श्वासाचा नव्हे, तर श्वास पुरवून वापरण्याच्या सामर्थ्याचा बोध होतो. गवयाचा दमसास, मल्लाचा दमसास असे म्हटले जाते, तेव्हा त्या सामर्थ्याचे मूळ देहाच्या थोरपणात असावे अशी एक समजूत त्यामागे असते. धिप्पाड देह म्हणजे रुंद छाती, रुंद छाती म्हणजे मोठी फुप्फुसे आणि मोठी फुप्फुसे म्हणजे लांब दम, अशी ती विचारसरणी आहे.

ही समजूत अर्धी खरी आहे. देहाच्या आकारात दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात : एक उंची आणि दुसरी वजन. फुप्फुसाच्या कार्याशी ह्या दोहोंचा संबंध एकाच प्रकारचा नाही. किंबहुना काही बाबतींत तो परस्परविरुद्ध आहे. हा भेद शरीरशास्त्रज्ञाला जितका महत्त्वाचा, तितकाच ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकालाही. कारण मराठीतील जवळजवळ सर्व ध्वनी फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या हवेवरच घडविले जातात.

शिवाय ह्या प्रश्नाचे महत्त्व केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कार्डिंग खात्यात वर्षानुवर्षे कापसाची धूळ श्वासावाटे घेतलेल्या कामगाराचे उदाहरण घ्यावे. त्याचे फुप्फुस खरोखर निकामी होत आहे की नाही, हे ठरविताना त्याने फुंकलेल्या हवेचे माप एका ‘अपेक्षित’ मापाशी ताडून पाहिले जाते. त्याला विकारग्रस्त म्हणावयाचे की निरोगी, हे त्या तुलनेवर बरेच अवलंबून असते. तेव्हा ही अपेक्षा कोठून येते, तीत देहाच्या कोणत्या गुणांचा समावेश केला जातो आणि त्या समावेशाने काय साधते व काय झाकले जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

२. मापनाचा आरंभ

फुप्फुसातील हवा मोजण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. परंतु त्यांना पद्धतशीर स्वरूप दिले ते जॉन हचिन्सन (१८११–१८६१) ह्या इंग्रज वैद्याने. पाण्यात पालथे बुडविलेले आणि वजनांनी तोलून धरलेले एक पात्र, त्यात नळीने सोडलेला उच्छ्वास आणि त्यामुळे पात्र किती वर उचलले गेले हे दर्शविणारी मोजपट्टी, असे त्याच्या श्वासमापकाचे स्वरूप होते. १८४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याने दोन हजारांहून अधिक व्यक्तींची मोजमापे दिली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आग विझविणारे बंबवाले होते, छापखान्यातील जुळारी होते, पलटणीतील शिपाई होते, मुष्टियोद्धे होते आणि अनाथगृहातील दरिद्री माणसेही होती.

शक्य तितका खोल श्वास घेऊन नंतर शक्य तितका पूर्णपणे सोडला असता जेवढी हवा बाहेर पडते, तिला हचिन्सनने ‘व्हायटल कपॅसिटी’ असे नाव दिले. प्रस्तुत लेखात तिला प्राणधारिता म्हटले आहे. हा प्रतिशब्द केवळ शब्दशः भाषांतर म्हणून नव्हे, तर परंपरेच्या दृष्टीनेही समर्पक ठरतो. संस्कृत वैयाकरणांनी ‘अल्पप्राण’ आणि ‘महाप्राण’ असा व्यंजनांचा भेद केला, तेव्हा ‘प्राण’ ह्या शब्दाने त्यांना उच्चारातील श्वासच अभिप्रेत होता.

हचिन्सनच्या निष्कर्षांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला उंचीविषयीचा. पाच ते सहा फूट उंचीच्या पुरुषांत उंचीच्या प्रत्येक इंचामागे प्राणधारिता सुमारे ८ घन इंचांनी, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटरांनी वाढते असे त्याला आढळले. दुसरा वयाविषयीचा. प्रौढ वयात, साधारणतः पस्तिशीनंतर, ती दरवर्षी सुमारे दीड घन इंचाने कमी होत जाते. तिसरा निष्कर्ष वजनाविषयीचा, आणि तोच अधिक उद्‌बोधक आहे. मध्यम उंचीच्या पुरुषाचे वजन सुमारे १६१ पौंडांच्या आत असेपर्यंत वजनाचा प्राणधारितेवर नियमित असा परिणाम दिसत नाही. त्यापुढे मात्र १९६ पौंडांपर्यंत प्रत्येक अधिक पौंडामागे ती सुमारे एक घन इंचाने घटते. म्हणजे उंचीने मिळालेले वजनाने गमावले जाते. छातीच्या घेराचाही प्राणधारितेशी सरळ संबंध जुळत नाही असे हचिन्सनने नमूद केले आहे. छाती किती रुंद आहे ह्यापेक्षा ती किती हलू शकते हे अधिक महत्त्वाचे, असा त्याचा अर्थ होतो.

३. उंची : पात्राचे मान

उंची आणि फुप्फुसाचा आकार ह्यांचा संबंध समजण्यास कठीण नाही. वाढीच्या वयात छातीचा पिंजरा आणि त्यातील फुप्फुसे देहाच्या सांगाड्याबरोबर वाढतात. ही वाढ सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात होत असती, तर भूमितीच्या नियमाने घनफळ उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. १५० सेंटिमीटर व १८० सेंटिमीटर उंचीच्या दोन व्यक्ती घेतल्या, तर त्यांच्या उंचीचे गुणोत्तर १.२ येते. घनाच्या हिशेबाने दुसरीची प्राणधारिता पहिलीच्या १.७३ पट व वर्गाच्या हिशेबाने १.४४ पट यावयास हवी. प्रौढांच्या प्रत्यक्ष मोजणीतून मिळणारा घातांक २ आणि २.५ ह्यांच्या दरम्यान पडतो. म्हणजे प्रत्यक्षातील गुणोत्तर दीडपटीच्या आसपास असते. ह्याचे एक कारण असे की, उंच माणसाची उंची सर्वस्वी धडाची नसते. तिच्यात पायांचा वाटा मोठा असतो, आणि पायांत फुप्फुसे नसतात.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटली तरी तिचे परिणाम दूरवर पोहोचतात. उभ्याने मोजलेली उंची समान असूनही बसलेल्या अवस्थेतील उंची दोन व्यक्तींत, आणि सरासरीने पाहता दोन जनसमूहांतही, वेगळी असू शकते. धड आणि पाय ह्यांचे प्रमाण काही अंशी आनुवंशिक असते. तसेच ते बालपणीच्या पोषणावर व आरोग्यावरही अवलंबून असते. तेव्हा ‘उंची’ हा एकच आकडा फुप्फुसाच्या आकाराचा पुरता निदर्शक नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे एका शंकेचा परामर्श घेणे उचित होईल. निरनिराळ्या सस्तन प्राण्यांची तुलना केली असता त्यांच्या फुप्फुसाचे घनफळ देहभाराच्या जवळजवळ सम प्रमाणात वाढत जाते असे दिसते. टेनी व रेमर्स ह्यांनी १९६३ मध्ये लहान प्राण्यांपासून देवमाशापर्यंत ही प्रमाणबद्धता दाखवून दिली. मग मनुष्याच्या बाबतीतच वजनाने दगा का द्यावा? उत्तर असे की, एका जातीचा प्राणी दुसऱ्या जातीच्या प्राण्यापेक्षा जड असतो तो सबंध सांगाडाच मोठा असल्यामुळे. तेथे वजन हे देहमानाचेच दुसरे नाव असते. मनुष्यामनुष्यांतील वजनाचा फरक मात्र पुष्कळदा चरबीचा असतो. चरबीने देह जड होतो. पण बरगड्या लांबत नाहीत आणि वायुकोशांची संख्या वाढत नाही.

४. वजन : पातळीचे मान

वजनाचा परिणाम समजून घ्यावयाचा तर प्राणधारितेचे विभाग ध्यानात घेतले पाहिजेत. मध्यम उंचीच्या निरोगी प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसांत पूर्ण श्वास घेतल्यावर सुमारे ६ लिटर हवा असते. ती कितीही जोर करून सोडली तरी सुमारे १.२ लिटर आत राहतेच. ह्या भागाला अवशिष्ट हवा म्हणावे. उरलेली सुमारे ४.८ लिटर ही प्राणधारिता. शांतपणे श्वासोच्छ्वास चालू असताना एका वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आतबाहेर करते. असा एक साधा उच्छ्वास संपल्यानंतरही जोर केल्यास आणखी सुमारे १.२ लिटर हवा सोडता येते. हा राखीव उच्छ्वास होय. राखीव उच्छ्वास व अवशिष्ट हवा मिळून साध्या उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसांत जी हवा शिल्लक असते, ती विश्रांतीची पातळी ठरविते.

ही पातळी कोणत्याही स्नायूच्या जोराने राखलेली नसते. फुप्फुस हे लवचीक असून ते सतत आत आकसू पाहते. छातीचा पिंजरा उलट बाहेर फाकू पाहतो. ह्या दोन ओढी जेथे समतोल होतात, तेथे श्वास विसावतो. आता छातीवर आणि विशेषतः पोटात चरबी साठली, म्हणजे पिंजऱ्याची बाहेरची ओढ कमी पडते आणि पोटातील भार श्वासपटलाला वर रेटतो. समतोल ढळतो व विश्रांतीची पातळी खाली जाते. पात्र जवळजवळ तेवढेच राहते. त्यातील पाणी मात्र तळाकडे उतरते.

जोन्स व एन्झेक्वू ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रमाण स्पष्ट झाले आहे. त्यांनी वजनाचे माप म्हणून देहभारांक घेतला. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा अंक मिळतो. क्वेतले ह्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे प्रमाण मांडले आणि त्याचे आजचे इंग्रजी नाव १९७२ मध्ये अँसेल कीज ह्यांच्या लेखामुळे रूढ झाले. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५४ किलो असेल तर देहभारांक २० येतो आणि सुमारे ८२ किलो असेल तर ३० येतो. देहभारांक २० असलेल्या व्यक्तीच्या तुलनेने ३० असलेल्या व्यक्तीत विश्रांतीच्या पातळीची हवा ७५ टक्केच उरते आणि राखीव उच्छ्वास तर ४७ टक्क्यांवर येतो, असे त्या अभ्यासात दिसून आले. ह्याउलट फुप्फुसाची एकूण धारिता देहभारांकाच्या प्रत्येक एककामागे अवघ्या अर्ध्या टक्क्याने घटते. अतिस्थूल व्यक्तींतही एकूण धारिता व प्राणधारिता सरासरीने सामान्य मर्यादेच्या आतच राहतात.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या मापनात केवळ प्राणधारिता मोजली जाते, त्यात स्थूलतेचा मुख्य परिणाम दिसतच नाही. कारण तो प्राणधारितेच्या एकूण मानावर नसून तिच्या अंतर्गत विभागणीवर झालेला असतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि एकूण बाहेर पडणारी हवा ह्यांचे गुणोत्तरही फारसे बदलत नाही. कारण दोन्ही मापे बरोबरीनेच किंचित उतरतात. म्हणून स्थूल व्यक्तीत हे गुणोत्तर स्पष्टपणे घटलेले आढळले, तर त्याचा दोष तिच्या वजनावर टाकून मोकळे होता येत नाही. श्वासनलिकांचा विकार आहे काय, हे पाहावेच लागते.

पातळी उतरण्याचे परिणाम मात्र कमी गंभीर नाहीत. फुप्फुसाच्या तळाकडील बारीक श्वासनलिका कमी हवेत मिटू लागतात; रक्त तेथून वाहते, पण हवा तेथे पुरेशी पोहोचत नाही, आणि रक्तातील प्राणवायू उणा पडतो. माणूस उताणा निजला की पोटाचा भार श्वासपटलावर अधिकच येतो. त्यामुळे स्थूल व्यक्तींना आडवे होताच धाप लागल्याचा अनुभव येतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिल्यावर श्वास क्षणभर थांबतो, त्या वेळी विश्रांतीच्या पातळीची हवा हीच प्राणवायूची शिल्लक असते. ती कमी असल्याने स्थूल रोग्याच्या रक्तातील प्राणवायू अधिक वेगाने घसरतो. चरबी कोठे साठली आहे हेही ह्यात महत्त्वाचे ठरते. तेवढेच वजन नितंबांवर व मांड्यांवर असेल तर श्वासाला जितका उपद्रव होतो, त्यापेक्षा ते पोटावर असल्याने अधिक होतो.

तथापि वजन म्हणजे केवळ चरबी नव्हे. कृश व्यक्तीचे वजन वाढते तेव्हा त्यात स्नायूंचा वाटा असतो, आणि श्वासपटल हाही एक स्नायूच आहे. दीर्घ उपासमारीने वा आजाराने क्षीण झालेल्या व्यक्तींत श्वसनस्नायूंचे बळ घटते व खोल श्वास घेणे कठीण होते. त्यामुळे वजन वाढू लागले म्हणजे प्रथम फुप्फुसाचे कार्य सुधारते, एका मर्यादेनंतर ते स्थिर राहते आणि त्यापुढे उतरू लागते. शेनबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७८ मध्ये ह्या दोन टप्प्यांचा उलगडा मांसलता आणि स्थूलता ह्यांचे दोन निराळे परिणाम म्हणून केला. हचिन्सनला १६१ पौंडांखाली नियमित संबंध का आढळला नाही, ह्याचे एक स्पष्टीकरण येथे मिळते. ह्यातील आशेची बाजू अशी की, स्थूलतेने झालेली ही घट बव्हंशी परतणारी असते. वजन उतरले की राखीव उच्छ्वास पुन्हा वाढतो.

५. उच्चाराच्या दृष्टीने

आता ध्वनिविज्ञानाकडे वळता येईल. साध्या संभाषणात बोलणारा शांत श्वासापेक्षा थोडा अधिक श्वास घेतो आणि विश्रांतीच्या पातळीच्या आसपास पोहोचला की पुन्हा श्वास घेतो. ह्या व्यवहारात प्राणधारितेचा सुमारे पाव हिस्साच खर्ची पडतो. म्हणून ठेंगण्या आणि उंच व्यक्तींच्या प्राणधारितेत दीडपटीचा फरक असला, तरी त्यांच्या बोलण्याच्या लांबीत तो दिसून येत नाही.

दीर्घ स्वराच्या बाबतीतही हेच आहे. सामान्य आवाजात स्वर धरला असता स्वरयंत्रातून सेकंदाला सुमारे १०० ते २०० मिलिलिटर हवा जाते. प्राणधारिता ४ लिटर आणि प्रवाह सेकंदाला १५० मिलिलिटर धरला, तर स्वर सुमारे २६ सेकंद टिकावा. स्वरतंतू नीट न मिळाल्याने हाच प्रवाह दुप्पट झाला, तर तो १३ सेकंदांवर येतो. म्हणजे देहाच्या थोरपणाने मिळणारा सारा लाभ स्वरयंत्राच्या एका ढिलाईने नाहीसा होतो. दमसास हा पात्राच्या मापापेक्षा त्याच्या तोटीच्या नियंत्रणावर अधिक अवलंबून असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या नियंत्रणाचे स्वरूप ड्रेपर, लॅडफोगेड व व्हिटरिज ह्यांनी १९५९ मध्ये स्नायूंतील विद्युत्‌स्पंदनांच्या साह्याने दाखविले. खोल श्वास घेतल्यावर फुप्फुसाची आकसण्याची ओढ इतकी असते की, ती तशीच सोडली तर उच्चाराला लागतो त्याहून अधिक दाब निर्माण होईल. म्हणून वाक्याच्या आरंभी श्वास घेणारेच बरगड्यांमधील स्नायू काही काळ कार्यरत राहून ही ओढ आवरून धरतात. पुढे हवा कमी होत गेली की ते सैल पडतात आणि विश्रांतीच्या पातळीखाली गेल्यावर उच्छ्वासाचे स्नायू दाब पुरवू लागतात.

विश्रांतीची पातळी देहभाराने खाली ढकलली जाते, हे वर पाहिले. तेव्हा लांबलेल्या वाक्याचा शेवट ज्या राखीव उच्छ्वासावर भागविला जातो, तीच शिल्लक स्थूल व्यक्तीत आटलेली असते. तिच्याजवळ एकूण हवा जवळजवळ तेवढीच असते. परंतु ती वापरावयाची तर आधी अधिक खोल श्वास घ्यावा लागतो, आणि जड छाती व पोट उचलून तो घेणे अधिक श्रमाचे असते. हॉइट व हिक्सन ह्यांनी १९८६ मध्ये भिन्न देहयष्टींच्या पुरुषांच्या वाक्‌-श्वसनाची तुलना केली, तेव्हा बोलताना बरगड्या आणि पोट ह्यांच्या हालचालींचे परस्परप्रमाण देहयष्टीनुसार बदलते असे त्यांना आढळले. एकच वाक्य, एकच अर्थ आणि जवळजवळ एकच दाब. तो साधण्याची देहाची रीत मात्र निराळी. ध्वनिविज्ञानाच्या प्रयोगात काही थोड्या सडपातळ विद्यार्थ्यांचे श्वसन मोजून ते ‘मराठी भाषकाचे श्वसन’ म्हणून मांडणे किती धोक्याचे आहे, हे ह्यावरून उमगेल.

६. ‘अपेक्षित’ ह्या संज्ञेचा विचार

मोजलेल्या मापाचा अर्थ लावण्यासाठी ते अपेक्षित मापाच्या किती टक्के आहे हे काढण्याची प्रथा आहे. ‘अपेक्षित’ ह्या शब्दात ‘असावयास हवे ते’ आणि ‘सामान्यतः आढळते ते’ असे दोन अर्थ मिसळलेले आहेत. पहिला अर्थ आदर्शाचा, दुसरा सरासरीचा. संख्याशास्त्राला केवळ दुसरा देता येतो. वाचणारा मात्र पुष्कळदा पहिला गृहीत धरतो. सारा घोटाळा ह्या श्लेषातून उद्भवतो.

अपेक्षा काढताना वय, लिंग आणि उंची विचारात घेतली जाते. वजन मात्र सामान्यतः घेतले जात नाही. ही उणीव नसून विवेक आहे. समजा, वजनही सूत्रात घातले, तर स्थूल व्यक्तीची तुलना स्थूल व्यक्तींशीच होईल, तिचे उतरलेले माप शंभर टक्के ठरेल आणि स्थूलतेने केलेली हानी कागदावरून नाहीशी होईल. जो गुण अपेक्षेत शिरतो, त्याचा परिणाम निकालातून अदृश्य होतो, हा ह्या सर्व विचाराचा गाभा आहे.

हा नियम वजनाला लावला तसा तो इतर गुणांनाही लावून पाहिला पाहिजे. गूल्ड ह्याने १८६९ मध्ये अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत कृष्णवर्णीय सैनिकांची प्राणधारिता गौरवर्णीयांपेक्षा कमी दिसली. नुकत्याच गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या त्या माणसांच्या जगण्याच्या परिस्थितीचा विचार बाजूला राहिला आणि हा फरक वंशाचा म्हणून मानला जाऊ लागला. पुढे विसाव्या शतकात श्वासमापक यंत्रांच्या गणितातच वंशानुसार वजावट घालण्याची प्रथा पडली. भारतातही गौरवर्णीयांच्या सूत्रातून सुमारे १० टक्के वजा करण्याची रीत अनेक ठिकाणी चालत आली.

ह्या वजावटीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कामगाराची प्राणधारिता ३ लिटर भरली आणि सूत्रानुसार अपेक्षा ४ लिटरांची असली, तर त्याचे माप ७५ टक्के येते. ८० टक्क्यांची जुनी रूढ मर्यादा लावली तर तो विकारग्रस्त ठरतो. अपेक्षेतून १० टक्के वजा केले की ती ३.६ लिटर होते, त्याचे माप ८३ टक्के येते आणि तो निरोगी ठरतो. फुप्फुस तेच, हवा तीच. बदलला तो केवळ भाजक.

भारतीयांची स्वतःची मानके असावीत असा प्रयत्न ह्या देशात फार पूर्वीपासून झाला आहे. कृष्णन व वरीद ह्यांनी १९३२ मध्ये दक्षिण भारतातील १०३ वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्राणधारिता प्रसिद्ध केली. मुंबईत कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये भारतीय मानके व सूत्रे मांडली. जागतिक पातळीवर २०१२ मध्ये ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ ह्या उपक्रमाने ७४ हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींच्या मोजमापांवरून ३ ते ९५ वर्षे वयासाठी सूत्रे तयार केली. परंतु त्यांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट नव्हता. सतरा देशांत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी व धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींची तुलना झाली. वय, उंची व लिंग ह्यांचा हिशेब धरूनही दक्षिण आशियातील व्यक्तींची पहिल्या सेकंदातील उच्छ्वासाची सरासरी उत्तर अमेरिका व युरोपातील व्यक्तींपेक्षा ३१.३ टक्क्यांनी कमी आढळली.

एवढी मोठी तूट ‘भारतीयांची फुप्फुसे लहानच असतात’ असे म्हणून स्वाभाविक मानावी काय? धड व पाय ह्यांच्या प्रमाणाने तिचा काही भाग समजतो. परंतु गर्भावस्थेतील कुपोषण, बालपणीचे श्वसनविकार, चुलीचा धूर, शहरातील दूषित हवा आणि धुळीतील काम ह्यांनीही फुप्फुसाची वाढ खुंटते किंवा त्याची झीज होते. ह्या सर्वांचा परिणाम अंगी मुरलेल्या जनसमूहाची सरासरी हीच ‘अपेक्षा’ म्हणून घेतली, तर धूर आणि दारिद्र्य ही जणू वांशिक लक्षणे ठरतात आणि मापनातून त्यांची साक्ष पुसली जाते.

ह्याच कारणास्तव २०२२ मध्ये उपरोक्त उपक्रमाने वंशभेद न मानणारी सूत्रे मांडली आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने त्यांचा पुरस्कार केला. सरसकट ८० टक्क्यांच्या मर्यादेऐवजी निरोगी लोकसंख्येतील सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची सीमा वापरावी, हा विचारही आता मान्य झाला आहे. तथापि नवी सूत्रे म्हणजे सर्व प्रश्नांची सोडवणूक नव्हे. अपेक्षा उंचावली की ज्याची झीज पूर्वी लपली होती तो कामगार दृष्टीस पडतो, हे खरे. पण त्याच हिशेबाने एखादा धडधाकट माणूस नोकरीसाठी अपात्र ठरण्याचा किंवा एखाद्या रोग्याला आवश्यक शस्त्रक्रिया नाकारली जाण्याचाही संभव असतो. म्हणून एका वेळच्या मापापेक्षा त्याच व्यक्तीची वर्षानुवर्षांची मापे एकमेकांशी ताडून पाहणे अधिक विश्वसनीय. तेथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते आणि भाजकाचा वाद उरत नाही.

आणि उंचीचे काय? तीही सर्वथा निर्दोष नाही. बालपणी पुरेसे अन्न न मिळाल्याने ज्याची वाढ खुंटली, त्याची उंची कमी राहते आणि फुप्फुसेही लहान राहतात. सूत्र त्याच्याकडून कमी उंचीच्या मानानेच अपेक्षा करते आणि त्याचे माप शंभर टक्के म्हणून नोंदविते. त्याच्या उंचीसाठी ते बरोबर असते. त्याच्या बालपणासाठी ते मूक असते.

७. समारोप

देहमान आणि देहभार ह्यांचा फुप्फुसाशी असलेला संबंध थोडक्यात असा सांगता येईल : उंचीने पात्राचा आकार ठरतो, वजनाने त्यातील विश्रांतीची पातळी ठरते, आणि त्या पात्रातील हवा किती काळ पुरेल हे स्वरयंत्राच्या व स्नायूंच्या नियंत्रणावर अवलंबून राहते. ‘दमसास’ ह्या शब्दात लोकव्यवहाराने ह्या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. शास्त्राला त्या सुट्या कराव्या लागतात.

त्या सुट्या करताना जो आकडा हाती येतो, त्याच्यामागे एक अपेक्षा दडलेली असते आणि ती कोणीतरी, कोणाच्यातरी मोजमापांवरून ठरविलेली असते. वैद्यकात असो, मानवशास्त्रात असो की ध्वनिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत असो, संशोधकाने टक्केवारी वाचण्यापूर्वी भाजक वाचावा. त्यात उंची कोणाची आहे, वजन वगळले आहे की नाही आणि कोणत्या लोकसमूहाचा धूर व उपासमार त्यात ‘सामान्य’ म्हणून बसली आहे, हे विचारल्याशिवाय कार्डिंग खात्यातील त्या कामगाराच्या छातीविषयी, किंवा कोणाच्याही छातीविषयी, निर्णय देणे घाईचे होईल.